रिअ‍ॅक्शन व्हिडिओसाठी कोणते मराठी सिनेमे निवडायचे? आणि चॅनल कसं वाचवायचं?

'सैराट' पाहून डोळे पुसणारे किंवा 'अशी ही बनवाबनवी' पाहून हसून लोळणारे लोक तुम्ही यूट्यूबवर पाहिले असतील. सिनेमा पाहता पाहता जे वाटतं ते कॅमेऱ्यासमोर बोलायचं, म्हणजे रिअ‍ॅक्शन व्हिडिओ. त्याला स्टुडिओ लागत नाही. मोबाईल आणि बऱ्यापैकी नेटवर्क असलं की अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरमधूनही हे करता येतं. खरा प्रश्न पुढचा असतो : आता कोणता सिनेमा लावायचा?

आधी स्वतःला विचारा

प्रेक्षकांनी तो सिनेमा बहुतेक वेळा आधीच पाहिलेला असतो. ते येतात तुमचं ऐकायला. म्हणून ज्या सिनेमाबद्दल दुसऱ्या कुणापेक्षा तुम्हाला जास्त सांगता येईल, तो आधी निवडा.

वऱ्हाडातल्या क्रिएटरसाठी याचं सरळ उत्तर आहे 'गाभ्रीचा पाऊस' (2009). सतीश मनवर यांचा हा सिनेमा विदर्भातल्या कापूस शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवराही तसंच करेल या भीतीने बायको त्याच्यावर नजर ठेवू लागते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी मुख्य भूमिकांत आहेत. शीर्षकातला 'गाभ्रीचा' हा शब्द वऱ्हाडी शिवी आहे. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला हे सांगावं लागतं, नांदगावच्या पोराला नाही. 'काहून', 'मले', 'तुले' ज्याच्या घरात बोललं जातं, त्याची प्रतिक्रिया इथे आपोआप वेगळी ठरते.

मात्र विषय जड आहे. व्हिडिओच्या सुरुवातीला तशी सूचना द्या आणि 'टेली-मानस'चा 14416 हा हेल्पलाइन नंबरही दाखवा.

दुसरा पर्याय 'देवकीनंदन गोपाला' (1977). राजदत्त यांच्या या सिनेमात डॉ. श्रीराम लागूंनी गाडगेबाबा साकारले. बाबांचं जन्मगाव शेंडगाव अमरावती जिल्ह्यातलं, समाधीही अमरावतीतच. सिनेमासोबत या जागा दाखवल्या तर व्हिडिओला वजन येतं.

मूडनुसार आणखी काही नावं

• हसायचं असेल तर : 'अशी ही बनवाबनवी' (1988). चॅटमध्ये प्रेक्षकच पुढचा संवाद आधी लिहितात, त्यामुळे लाइव्हसाठी उत्तम.
• धक्का हवा असेल तर : नागराज मंजुळेंचे 'फँड्री' आणि 'सैराट' (2016). दोन्हींचा शेवट आधी सांगू नका. आणि शेवटाला बोलू नका, तुमची शांतताच प्रेक्षक पाहतात.
• चर्चा हवी असेल तर : चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'. यातली लांब, स्थिर दृश्यं लाइव्हला संथ वाटतील. पूर्ण पाहून मग बोललेलं बरं.
• जुनं काही हवं असेल तर : प्रभातचा 'संत तुकाराम' (1936). व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला सिनेमा.

कायदा काय सांगतो?

भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे 'संत तुकाराम'ची मुदत कधीच संपली, 'सैराट'ची अजून बरीच बाकी आहे.

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये समीक्षेसाठी योग्य प्रमाणात वापराची मुभा आहे. पण अख्खा सिनेमा चालवून कोपऱ्यात आपला चेहरा ठेवणं म्हणजे समीक्षा, असं म्हणणं अवघड आहे. तुकडा छोटा ठेवा, तो थांबवा आणि त्यावर बोला.

यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा चित्र आणि आवाज आपोआप ओळखते. दावा आला तर कमाई मूळ मालकाकडे जाऊ शकते किंवा व्हिडिओ बंद होऊ शकतो. कॉपीराइट स्ट्राइक त्याहून गंभीर. 90 दिवसांत 3 स्ट्राइक आले तर चॅनल जाऊ शकतं. जुन्या सिनेमाच्या गाण्यांवरही दावा येऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

थिएटरमध्ये मोबाईलवर शूटिंग करून त्यावर रिअ‍ॅक्शन देण्याचा विचारही करू नका. 2023 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान 3 महिने ते 3 वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड आहे.

मग सोबत पाहायचं कसं?

सोपा मार्ग आहे. सिनेमा कुठल्या अधिकृत ॲपवर आहे ते आदल्या दिवशी सांगा. ठरल्या वेळी सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवर 'तीन, दोन, एक' म्हणत एकदम प्ले करायचं. तुमच्या लाइव्हवर फक्त तुमचा चेहरा आणि आवाज. कानात हेडफोन घाला, म्हणजे सिनेमाचा आवाज माइकमध्ये जाणार नाही. मध्यंतराला दहा मिनिटं थांबून चॅट वाचा. पुढचा सिनेमा कोणता, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.