सक्तीची भाषा : आयर्लंडचा अनुभव



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्याच शाळेत भाषेविषयी बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

शिक्षणातील 'सक्ती' हा शब्द बडोद्याला नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. योगायोग असा की, त्याच १८९३ साली डब्लिन येथे गेलिक लीग या संस्थेची स्थापना झाली आणि तिच्याच प्रेरणेतून पुढे आयरिश भाषेची शालेय सक्ती जन्मास आली. महाराजांची सक्ती मुलाला घरातून शाळेत आणण्याची होती. आयर्लंडची सक्ती शाळेतून घरात भाषा नेण्याची होती. ही दुसरी सक्ती कितपत साधली आणि ती असावी की नसावी, हा आजचा विषय आहे.

आयरिश मागे पडली ती केवळ सरकारी हुकुमाने नव्हे. १८३१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी होते, हे खरे. १८४५ नंतरच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि जवळपास तितकीच देशांतरास गेली. त्यांत आयरिश बोलणाऱ्या गरीब शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. परंतु त्याहून विषण्ण करणारी एक गोष्ट आहे. मुलाच्या गळ्यात एक लाकडी काठी बांधीत. तो आयरिश बोलला की तिच्यावर खाच पाडीत आणि खाचा मोजून त्याला शिक्षा होई. या कामी आईबापच शिक्षकांना साथ देत. अमेरिकेस जाणाऱ्या मुलाला इंग्रजी आली पाहिजे, एवढेच त्यांना कळत होते. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे सांगणे अवघड आहे. १८५१ च्या जनगणनेत आयरिश जाणणारे सुमारे पंधरा लाख होते. १९११ साली ते सहा लाखांहूनही कमी उरले.

स्वतंत्र राज्य येताच १९२२ च्या १७ मार्चपासून प्राथमिक शाळांत रोज किमान एक तास आयरिशचा ठरला. बालवर्ग तर शक्य तेथे संपूर्ण आयरिशमधून चालवावयाचे होते. बहुसंख्य शिक्षकांना ती भाषा येत नव्हती. उन्हाळी वर्गांत शिकून त्यांनी ती शिकवावी, अशी व्यवस्था झाली. शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक टिमथी कॉर्करन यांचा दावा होता की, एकटी शाळा हे काम करू शकेल. गेलिक लीगचे एक संस्थापक आणि या राज्याचे शिक्षणमंत्री ओइन मॅक्नील यांना तो मान्य नव्हता. घर आणि समाज यांची साथ नसेल तर शाळेचे श्रम वाया जातील, असे त्यांचे मत होते. राज्याने मात्र कॉर्करन यांचाच मार्ग धरला, कारण तो स्वस्त होता. मोठ्यांना आपली सवय बदलावी लागत नव्हती. बदलायचे होते ते मुलांनी.

पुढे सक्ती कठोर झाली. १९३४ पासून शालान्त परीक्षेत आयरिशमध्ये नापास होणाऱ्यास प्रमाणपत्रच मिळेनासे झाले. गणितात, इतिहासात उत्तम असलेला मुलगाही एका विषयापायी अनुत्तीर्ण ठरू लागला. १९४१ साली शिक्षकांच्याच राष्ट्रीय संघटनेने आपल्या अहवालात, घरी इंग्रजी बोलणाऱ्या बालकांना आयरिशमधून शिकविण्याविषयी नापसंती नोंदविली. अखेर १९७३ साली उत्तीर्णतेची अट गेली आणि पुढल्याच वर्षी सरकारी नोकरीसाठीची अटही गेली. विषय मात्र अनिवार्यच राहिला; काही विद्यार्थ्यांना सूट मिळते, एवढेच.

या शतकभराच्या प्रयत्नाचे फळ काय? २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. शिक्षणसंस्थांबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७१,९६८ निघाले. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. सक्तीचे विरोधक दुसरा आकडा दाखवितात, समर्थक पहिला. माझ्या मते दोन्ही खरे आहेत. शाळेने ज्ञान दिले. शाळेला सवय देता आली नाही. पण ते ज्ञान नसते, तर १९७० नंतर पालकांनी आपण होऊन मागितलेल्या आयरिश माध्यमाच्या शाळा कोणाच्या बळावर उभ्या राहिल्या असत्या?

म्हणून माझा निष्कर्ष असा : भाषा सर्वांना शिकविली जावी, ही अट योग्य आहे, तिच्यापायी मुलाचे प्रमाणपत्र अडविणे अयोग्य. गणितासाठी आपण मुलाची संमती मागत नाही, तशी भाषेसाठीही मागण्याचे कारण नाही. मात्र सक्तीचा मोठा भार मुलावर नव्हे, तर राज्यावर पडला पाहिजे : चांगले शिक्षक देण्याचा, कचेरीत ती भाषा वापरण्याचा, ती जेथे अजून घरात बोलली जाते त्या गेल्टाख्ट प्रदेशांत रोजगार टिकविण्याचा.

महाराष्ट्राने २०२० साली कायदा करून शाळांत मराठी अनिवार्य केली. तो कायदा आपल्याला लागू नाही आणि येथे तशी मागणी करण्याचा आपल्याला अधिकारही नाही. मी सारा जन्म मराठी शिकविली. माझ्या नातवाला मराठी समजते, पण तो उत्तर गुजरातीत देतो. ती त्याच्या मित्रांची भाषा आहे, त्यात वावगे काही नाही. परंतु मीही सोयीसाठी त्याच्याशी गुजरातीत बोलू लागलो आहे, हे आयर्लंडविषयी वाचताना माझ्या ध्यानात आले. दोष शाळेचा नव्हता. आज घरी गेल्यावर मी त्याच्याशी मराठीत बोलणार आहे. तो कोणत्याही भाषेत उत्तर देवो.