गाव रत्नागिरीत, मिळकत मुंबईत

महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या मात्र घटली. २००१ मध्ये ती १६ लाख ९६ हजार ७७७ होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजार ६९ वर आली. म्हणजे दहा वर्षांत जिल्ह्याने जवळपास ८२ हजार माणसे गमावली. याच काळात कोणताही मोठा दुष्काळ पडला नव्हता किंवा साथही आली नव्हती. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने आजही आधार घ्यावा लागतो तो याच आकड्यांचा.

या आकड्यांच्या पोटात शिरले, की चित्र अधिक स्पष्ट होते. जिल्ह्यातील शहरी लोकसंख्येचे प्रमाण ११ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर गेले. काही मोठी गावे नव्याने शहरी गणली गेली, हेही त्यामागचे एक कारण आहे. ग्रामीण लोकसंख्या मात्र सुमारे दीड लाखाने कमी झाली. २०११ मध्ये राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत हेच प्रमाण १,१२२ होते. स्त्रियांचे हे आधिक्य अभिमानाने सांगितले जाते. तथापि त्याचा एक साधा अर्थ असा, की कमावत्या वयाचे पुरुष गावात नाहीत. ते मुंबई, ठाणे, वसई-विरार, दिवा, बदलापूर या पट्ट्यात आहेत.

ग्रामीण आणि शहरी अर्थकारणाची तुलना करताना सामान्यतः दोन स्वतंत्र रकाने आखले जातात. एकात शेती, दुसऱ्यात नोकरी व उद्योग. रत्नागिरीच्या बाबतीत ही आखणीच फसवी ठरते. येथे एकाच कुटुंबाची शेती एका रकान्यात असते आणि पगार दुसऱ्या रकान्यात.

पाऊस भरपूर, पाणी दुर्मीळ

जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा आकडा स्वप्नवत वाटेल. परंतु जमीन जांभ्या दगडाची, उतार तीव्र आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतचे अंतर थोडे. वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या पावसाचे पाणी पाहता पाहता समुद्रात नेऊन सोडतात. जांभ्यात पाणी मुरते, पण टिकत नाही. त्यामुळे जुलैत ज्या वाडीचा रस्ता पाण्याखाली जातो, त्याच वाडीत शिमग्यानंतर टँकरची वाट पाहावी लागते.

या विसंगतीचे सर्वांत मोठे उदाहरण चिपळूण तालुक्यात आहे. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या बाजूला आणले जाते व त्यावर वीज निर्माण होते. कृष्णा पाणीतंटा लवादाने या पश्चिमेकडे वळवल्या जाणाऱ्या पाण्याची वार्षिक मर्यादा ६७.५ टीएमसी ठरवली. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या पाण्याचे मोल कळेल. वीजनिर्मितीनंतर हे पाणी वाशिष्ठीत येते आणि त्याचा फार मोठा भाग अरबी समुद्राला मिळतो. काठावरची गावे व उद्योग त्यातील थोडे उचलतात. बाकीची शेते नदीपासून उंचावर, डोंगरउतारावर आहेत. तेथवर पाणी चढवण्याचा खर्च एका भातपिकाला परवडणारा नाही.

परिणामी बहुतांश शेती खरिपापुरती राहिली. राब भाजायचा, तरवा तयार करायचा, आषाढात लावणी करायची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी. वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पश्चिम महाराष्ट्रात कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, उसावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्याभोवती पतसंस्था, दूध संघ, शिक्षणसंस्था वाढल्या. रत्नागिरी जिल्ह्यात एकही साखर कारखाना नाही. विकण्यासाठी पिकवायचे आणि त्या पैशातून पुढची संस्था उभी करायची, ही साखळीच येथे तयार झाली नाही. भात पिकले ते घरात खाल्ले गेले.

खोतीचा वारसा, सातबाऱ्याची गर्दी

जमिनीच्या मालकीचा इतिहासही वेगळा आहे. कोकणात खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधील मध्यस्थ होता. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून आपला वाटा वसूल करायचा, ही त्याची भूमिका. कुणबी व महार समाजातील कष्टकऱ्यांच्या श्रमावर ही व्यवस्था उभी होती. तिच्या निर्मूलनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा होण्यास १९४९ साल उजाडले. पुढे कूळकायद्याने कसणाऱ्यांच्या नावावर जमिनी लागल्या, पण त्या मुळातच तुकड्यांच्या होत्या.

तीन पिढ्यांनंतर त्या तुकड्यांचे आणखी तुकडे झाले, किंवा तुकडे न होता सातबाऱ्यावर नावांची गर्दी झाली. वीस गुंठ्यांच्या उताऱ्यावर दहा-पंधरा हिस्सेदार असणे येथे नवलाचे नाही. त्यांतील काही हयात नाहीत, काहींची वारसनोंद झालेली नाही आणि बाकीचे मुंबईत आहेत. कर्ज काढायचे, विहीर खोदायची, फळबाग योजनेचा लाभ घ्यायचा, तर सर्वांच्या संमतीचा प्रश्न येतो. गावात राहून जमीन कसणारी व्यक्ती बहुधा एखादी वयस्कर स्त्री असते आणि उताऱ्यावर तिचे नावही नसते. अशा जमिनी विकल्या जात नाहीत, कसल्याही जात नाहीत. त्या पड राहतात. लावणीसाठी मजूर नाहीत, बैलजोडी पोसणे परवडत नाही आणि आलेले पीक रानडुकरे व माकडे नासवतात, ही पड वाढण्याची आणखी कारणे गावोगावी ऐकू येतात.

हापूसची श्रीमंती कोणाची?

यावर कोणी हापूसकडे बोट दाखवील. ते काही अंशी रास्तही आहे. १९९० मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली आणि कोकणातील उजाड कातळ व वरकस जमिनीवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कलमे आणि सुधारित जाती दिल्या. वेंगुर्ला केंद्राच्या काजूच्या जातींनी या पिकाचा चेहरामोहरा बदलला. २०१८ मध्ये कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तरीही आंब्याचा पैसा सर्वांपर्यंत सारखा पोहोचत नाही. कलम लावल्यावर उत्पन्नासाठी काही वर्षे थांबावे लागते. त्या काळात घर चालवण्यासाठी दुसरी मिळकत हवी. मोहोर आला, की तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी फवारण्या, मग राखण, काढणी, पेट्या, वाहतूक. अनेक बागायतदार हंगामापूर्वीच व्यापाऱ्याकडून उचल घेतात आणि माल वाशीच्या बाजारात त्याच्याच गाळ्यावर पाठवतात. अशा व्यवहारात भाव ठरवण्याचा अधिकार बागायतदाराकडे फारसा उरत नाही. शिवाय हवामान. नोव्हेंबर २००९ मधील फयान, जून २०२० मधील निसर्ग आणि मे २०२१ मधील तौक्ते या तीन चक्रीवादळांनी किनारपट्टीला तडाखा दिला. निसर्ग वादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतील पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा काही तासांत आडव्या केल्या. भाताचे पीक गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. माडाची, पोफळीची किंवा आंब्याची बाग पुन्हा उभी राहण्यात दशक जाते.

आणखी एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. जिल्ह्यातील तरुण मुंबईत पहारेकरी, कुरिअरवाला किंवा कार्यालयीन शिपाई म्हणून काम करतो आणि त्याच्याच गावातील आंब्याच्या बागा राखण्यासाठी नेपाळहून माणसे येतात. याचे कारण आळस हे नव्हे. बागेतील काम काही महिन्यांचे असते, मुंबईतील पगार बारमाही असतो. लग्न जुळवतानाही विचारला जातो तो पगारच.

जिल्ह्यातील शहरे

हा पगार जिल्ह्यातच का मिळू नये? २०११ मध्ये रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि चिपळूणची ५५ हजार होती. लोटे-परशुरामचे रासायनिक कारखाने, मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत, मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर, जयगडचा वीजप्रकल्प व बंदर ही रोजगाराची केंद्रे आहेत. पण जिल्ह्याबाहेर जाणारा लोंढा थोपवण्याइतकी ती मोठी नाहीत. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पाने एकेकाळी मोठ्या आशा व तितकाच मोठा विरोध निर्माण केला. १९९९ मध्ये सुरू झालेली वीजनिर्मिती २००१ मध्येच बंद पडली. २००५ मध्ये नव्या कंपनीकडे प्रकल्प गेला, तरी परिसरातील गावांचे अर्थकारण पालटले असे म्हणता येत नाही. रासायनिक उद्योगांमुळे खाडीतील मासेमारीवर झालेल्या परिणामांच्या तक्रारीही जुन्या आहेत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. तिने मुंबईहून गावी येणे सोपे केले. गावातून मुंबईला जाणेही तितकेच सोपे केले.

सरासरीत हरवलेला जिल्हा

राज्याच्या प्रादेशिक असमतोलाची चर्चा १९८४ च्या दांडेकर समितीपासून २०१३ च्या केळकर समितीपर्यंत झाली. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली, तेव्हा कोकणाला स्वतंत्र मंडळ मिळाले नाही. त्याचा समावेश ‘उर्वरित महाराष्ट्रा’त झाला, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पंक्तीत. महसुलाच्या दृष्टीनेही कोकण विभागात मुंबई, ठाणे आणि रत्नागिरी एकत्र येतात. साहजिकच विभागाचे सरासरी दरडोई उत्पन्न भरघोस दिसते. त्या सरासरीत मंडणगड किंवा लांजा तालुक्यातील वाडी कोठेच दिसत नाही.

दुसरी गफलत विदर्भाशी तुलना करताना होते. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. ‘कोकणातला शेतकरी आत्महत्या करत नाही’, असे तेव्हापासून कौतुकाने बोलले जाते. कोकणी माणसाचा समाधानी स्वभाव हे त्याचे कारण सांगितले जाते. कारण अधिक व्यावहारिक आहे. विदर्भातील कापूस बाजारासाठी पिकतो. त्यासाठी बियाणे, खते, औषधे यांचे कर्ज डोक्यावर असते आणि पीक बुडाले की सारे कुटुंब बुडते. रत्नागिरीतील भातशेतकरी फारसे कर्ज काढत नाही, कारण त्याच्या शेतीला कर्ज पेलवतच नाही. तिचा तोटा मुंबईचा पगार भरून काढतो.

ही मदत एकतर्फी मात्र नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. त्यांत कोकणातील कामगार मोठ्या संख्येने होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि पगार थांबले, तेव्हा अनेक कुटुंबांनी बायकामुलांना गावी धाडले व घरच्या तांदळावर दिवस काढले. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी पुन्हा गावाकडेच आले. त्याच वर्षी वाशीचा बाजार विस्कळीत झाल्यावर बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत थेट आंबा पोहोचवला आणि त्यासाठी शहरातील नातेवाईकांनीच मागणी गोळा केली. गिरणगावाने गावाला पैसा पाठवला, तर गावाने शहराच्या प्रत्येक संकटात निवारा दिला.

हा परस्परांचा विमा आता मात्र क्षीण होत चालला आहे. विरार-बदलापूरमध्ये वाढलेल्या पिढीला गणपती-शिमग्यापुरते गाव माहीत आहे. लावणी माहीत नाही. गावात शेती सांभाळणाऱ्या स्त्रिया साठीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्यानंतर घराचे कुलूप सणापुरते उघडेल आणि शेत कायमचे पड राहील, अशी स्थिती अनेक वाड्यांत आहे. पुढच्या संकटात परतण्यासाठी गाव असेल, पण त्यात पिकलेला तांदूळ नसेल.

उपाय अगदीच अज्ञात नाहीत. वारसनोंदींची मोहीम गावातच नव्हे, तर हिस्सेदार राहतात त्या मुंबई-ठाण्यातही राबवली गेली पाहिजे. कसणाऱ्या स्त्रीचे नाव उताऱ्यावर यावे. पड जमिनी एकत्र करून गटशेतीने कसता येतील. ओढ्यांवर दिवाळीनंतर बंधारे घातले तर कुळीथ, वाल, भाजीपाला यांसारखे दुसरे पीक निघू शकते. काजूगर आणि आंबा यांवरील प्रक्रिया वाडीजवळ झाली, तर तरुणाला बारमाही मजुरीची शक्यता निर्माण होते. यांतील प्रत्येक गोष्टीसाठी गावातील माणसाइतकीच मुंबईतील माणसाची संमती आणि सही लागणार आहे. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याने या खेपेस आरतीनंतर सातबारा काढून त्यावरील नावे वाचली, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.