शिक्षेचा टक्का काय सांगतो?

शिक्षेचा टक्का वाढला की पोलिसांची पाठ थोपटली जाते, हे तुम्ही पेपरात वाचलं असेलच. जपानमध्ये हा टक्का ९९च्या वर आहे. तिथेच इवाओ हाकामादा यांना १९६८ साली फाशी सुनावली गेली आणि २०२४ साली ते निर्दोष ठरले.

आता आपल्या राज्यातलं बघा. नाशिक जिल्ह्यात २००३ साली एका कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने २००६ साली फाशी सुनावली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चार जण ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता.

पहिल्या निकालावर मोजायचं तर हा खटला पोलिसांच्या यशात जमा होतो. म्हणजे कोर्टाला पोलिसांचं किती वेळा पटलं, एवढंच टक्का सांगतो. पोलीस बरोबर होते का, ते नाही. तेव्हा गोंदियाचा टक्का वाचाल, तर एक विचारा: यातल्या किती शिक्षा अपिलात टिकल्या?