बारा जुलैचं पाणी

पुण्यात लकडी पुलावर उभे आहात तुम्ही. मेट्रोचे खांब नाहीत, नदीपात्रातला रस्ता नाही, भिडे पूलही नाही. तारीख १२ जुलै १९६१, बुधवार. वर आंबी नदीवर पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून झालेलं नाही. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते थोपवून धरलंय. सकाळी ते फुटतं. सगळा लोंढा खडकवासल्याच्या इंग्रजांच्या काळातल्या दगडी धरणात येतो आणि तेही टिकत नाही.

इथं पेठांत मात्र कुणाला धड काही कळलेलं नाही. स्टोव्हवर चहा आहे, पोरांची शाळेची घाई आहे. आणि नदीकडून आरोळी येते, ‘धरण फुटलं, पळा!’ निम्मे लोक पळतात, निम्मे ऐकत उभे राहतात. तुमची नजर रस्त्याकडे, आणि पाणी येतं मोरीतून. आधी चौक भरतो, मग जोतं, मग ओटी. समोर एक बाई फडताळातले डबे वरच्या फळीवर चढवतेय. डाळीचा, तांदळाचा, मग गुळाचा. तिला हाताला धरून बाहेर काढा. ‘मावशी, डबे राहू द्या, पर्वतीकडे चला!’ वाडा पांढऱ्या मातीचा आहे. भिंतीत पाणी मुरलं की वरचा मजला आवाज करून खाली येतो.

दुपारी लकडी पूल दिसत नाही. ओंकारेश्वराचं देऊळ पाण्याखाली आहे.

पाणी ओसरतं तेव्हा घराघरांत चिखल आणि नळ कोरडे, कारण खडकवासला रिता झालाय. तेव्हा पुणेकरांना वाड्यांतले आड आणि विहिरी आठवतात. नळ आल्यापासून त्यांच्याकडे कोण बघत होतं?

आता परत या. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या वस्त्यांमध्ये पूरग्रस्तांचे संसार पुन्हा उभे राहिले. गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट होत्या. दर जुलैत वर्तमानपत्रांत पडक्या वाड्यांचे फोटो येतात, जुनी माणसं हळहळतात. दुःख पुण्यानं जपलं. पाणी कुठवर आलं होतं, हे मात्र ते विसरलं, आणि मला ही विस्मृती भयंकर वाटते. पूररेषेच्या नकाशावर निळी नि लाल रेघ आहे. नदीकाठचा फ्लॅट घेताना त्या रेघा किती जण बघतात?

२५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं.

तुमच्या घरात, शेजारी, एकसष्टचा पूर पाहिलेलं कुणी असेल तर आजच विचारा, पाणी कितव्या पायरीपर्यंत होतं. वाडा उभा असेल तर त्या पायरीवर, नसेल तर त्या जागच्या नव्या इमारतीच्या भिंतीवर, ठळक रंगानं रेघ मारा आणि तारीख घाला.