किनारा आणि वर्षावन एकाच सहलीत : कोस्टा रिकाचा नकाशा कसा घडला?

🧵 १/ मुलांना समुद्र हवा आणि आईवडिलांना जंगल, अशा कुटुंबाच्या सहलीसाठी कोस्टा रिकाचे नाव आज हमखास सुचवले जाते. देश लहान, क्षेत्रफळ ५१,१०० चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा. एका बाजूस पॅसिफिक, दुसऱ्या बाजूस कॅरिबियन, मधोमध ज्वालामुखींची रांग. सहलीचा ठरलेला मार्ग असा : सान होसे, मोन्तेवेर्दे, तोर्तुगेरो, मानुएल आन्तोनिओ, कोर्कोवादो. या मार्गावरची जंगले आणि किनारे आपोआप टिकलेले नाहीत. ते कोणी, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने राखले, त्याचा हा इतिहास.

२/ पहिला मुक्काम राजधानी सान होसे. येथील राष्ट्रीय संग्रहालय पूर्वी बेयाव्हिस्ता नावाची लष्करी छावणी होती. १९४८च्या यादवी युद्धात विजयी झालेल्या होसे फिगेरेस यांनी त्याच वर्षी १ डिसेंबरला या छावणीच्या भिंतीवर हातोडा मारून सैन्य विसर्जित केल्याचे जाहीर केले. १९४९च्या राज्यघटनेने तो निर्णय कायम केला. या घटनेचा जंगलाशी काय संबंध, हे पुढच्या मुक्कामी कळते.

३/ मोन्तेवेर्दे. अमेरिकेतील अलाबामा राज्यात फेअरहोप येथे क्वेकर पंथाची एक वसाहत होती. युद्ध हे पाप मानणाऱ्या या पंथातील चार तरुणांनी सक्तीच्या लष्करी नोंदणीस नकार दिला आणि १९४९मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. त्यानंतर काही कुटुंबांनी सैन्य नसलेला देश शोधला. १९५१मध्ये ती या डोंगरावर आली, गाई पाळू लागली, चीज बनवू लागली. खालच्या वस्तीचे पाणी आटू नये म्हणून त्यांनी माथ्यावरचे जंगल तोडले नाही. त्याच भागात १९७२मध्ये मेघवनाचे राखीव क्षेत्र उभे राहिले. आज पर्यटक केत्साल पक्षी पाहतात तो येथेच.

४/ देशात इतरत्र मात्र कुऱ्हाड चालूच होती. जंगल साफ करणे म्हणजे जमीन ‘सुधारणे’ असा कायद्याचा दृष्टिकोन होता. साफ केलेल्या जमिनीवर हक्क सांगता येई. त्यात अमेरिकेला गोमांस निर्यात होऊ लागले आणि कुरणे वाढत गेली. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाच्या जेमतेम पाव भागावर जंगल उरले होते.

५/ कॅरिबियन किनाऱ्यावरील तोर्तुगेरोला रस्ता जात नाही. होडीने किंवा छोट्या विमानाने जावे लागते. हिरवी कासवे येथे मुख्यतः जुलै ते ऑक्टोबर या काळात अंडी घालतात. मांस आणि अंड्यांसाठी त्यांची बेसुमार शिकार होत असे. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी १९५०च्या दशकात येथे कासवांना खुणेचे बिल्ले लावून दीर्घ अभ्यास सुरू केला. पुढे १९७५च्या कायद्याने या राष्ट्रीय उद्यानावर शिक्कामोर्तब झाले.

६/ पॅसिफिकच्या बाजूस निकोया द्वीपकल्पावर स्वीडनचे ओलोफ वेसबर्ग आणि डेन्मार्कच्या कारेन मोगेन्सेन हे दांपत्य स्थायिक झाले होते. डोळ्यांदेखत जंगल संपताना पाहून त्यांनी निधी जमवला आणि सरकारचा पाठपुरावा केला. त्यातून १९६३मध्ये काबो ब्लांको हे राखीव क्षेत्र जन्मले. १९७०मध्ये मारिओ बोसा आणि आल्वारो उगाल्दे या तरुणांनी तुटपुंज्या साधनांनिशी राष्ट्रीय उद्यानांचा कारभार हाती घेतला.

७/ मानुएल आन्तोनिओची पांढरी वाळू आणि मागच्या झाडीतील माकडे आज सर्वांना खुली आहेत. एके काळी ही जमीन परदेशी मालकाकडे गेली आणि किनाऱ्याची वाट बंद झाली. केपोस गावच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९७२मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७७च्या सागरी पट्ट्याच्या कायद्याने भरतीरेषेपासूनचे पहिले ५० मीटर सार्वजनिक ठरवले.

८/ शेवटचा मुक्काम ओसा द्वीपकल्पावरचे कोर्कोवादो. टेपिर, तांबडे मकाव आणि माकडांच्या चार जाती असलेले हे वर्षावन एका अमेरिकी लाकूड कंपनीच्या ताब्यात होते. त्याच्या रक्षणासाठी पाहणी करायला गेलेल्या वेसबर्ग यांचा १९७५मध्ये तेथेच खून झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष दानिएल ओदुबेर यांनी उद्यान घोषित केले.

९/ येथे इतिहास थोडा अवघड होतो. कोर्कोवादोच्या हद्दीत शेतकरी कुटुंबे राहत होती; त्यांना भरपाई देऊन हलवण्यात आले. नद्यांत सोने धुणाऱ्या गरीब खाणकऱ्यांना १९८६मध्ये बाहेर काढले. आज ज्या पायवाटेवर मुले मकाव मोजतात, तेथे कोणाचे तरी शेत होते. जंगल राखण्याचा लाभ जगाला झाला. पहिला भार मात्र तेथे राहणाऱ्यांवर पडला.

१०/ पुढील काळात देशाने या प्रश्नाचे निदान अंशतः उत्तर शोधले. १९९६च्या वन कायद्यानुसार आणि १९९७पासून प्रत्यक्षात, झाडे राखणाऱ्या जमीनमालकाला इंधनकरातून मोबदला मिळू लागला. ओस्तिओनाल किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने येतात. आधी आलेल्यांची अंडी मागाहून येणारी कासवे उकरून टाकतात. म्हणून गावकऱ्यांना सुरुवातीची काही अंडी गोळा करण्याची कायदेशीर मुभा आहे आणि बदल्यात ते किनारा सांभाळतात. हीच जात रत्नागिरीतील वेळासच्या वाळूवर येते. तेथेही पिल्ले पाहायला आलेल्यांची सोय गावकरी आपल्या घरी करतात.

११/ आज कोस्टा रिकाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर पुन्हा जंगल आहे. सारेच मात्र परत आले नाही. मोन्तेवेर्देचा सोनेरी भेक १९८९नंतर कोणालाही दिसला नाही, तोही राखीव जंगलात राहत असताना. अशा सहलीची आखणी करणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच ऋतू आणि अंतरांबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी : वाटाड्या गावातलाच आहे का आणि मुक्कामाचे पैसे त्या गावात राहतात का. ही जंगले पुढे टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहे.

(समाप्त)