रजेचा हिशेब

आमच्या शाळेतले एक जुने शिक्षक दर मार्चमध्ये म्हणत, "मे महिन्यापेक्षा एप्रिल गोड!" समोर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असत, तरी आम्ही सगळे माना डोलवत असू. सुट्टी लागली की भराभर संपते. लागायची असते तेव्हा मात्र पुरून उरते. हॉलंडमध्ये सुमारे दीड हजार लोकांची पाहणी करून २०१० साली संशोधकांनी जवळपास हेच सांगितले. सहलीला जाणारी माणसे जाण्याआधी इतरांपेक्षा जास्त आनंदी असतात. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरत नाही.

हे खरेच आहे. पण जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे मला पुढचा प्रश्न पडतो. वाट पाहण्याचे हे सुख कोणाकोणाच्या वाट्याला आले?

माझे बालपण लालबागच्या चाळीत गेले. शेजारची खोली 'गावाची' होती. म्हणजे कोकणातल्या एकाच गावचे दहा-बारा पुरुष तिथे राहत. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला. एकजण उठला की दुसरा त्याच जागी आडवा होई. जेवण खाणावळवाल्या बाईंकडे, बायकामुले गावी, आणि महिन्याची मनिऑर्डर. हे आमचे चाकरमानी.

त्यांच्या सुट्टीला कायद्याचा आकडा होता. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम भरले, तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा मिळे. म्हणजे २४० दिवसांचे झाले १२! बदली कामगाराला रोज दारात उभे राहून काम मिळवावे लागे. त्याचे २४० भरले नाहीत तर त्या रजेवर हक्कही नाही. त्यामुळे रजेचा हिशेब हा त्या खोलीतला आवडता विषय. मुले पाढे म्हणतात तसे ते दिवस मोजत. गणपती, शिमगा की मे महिना, यावर महिनोन्‌महिने चर्चा चाले. ट्रंकेत एकेक वस्तू जमा होई. लुगडे, चहाची पावडर, बॅटरीचे सेल, पोरांसाठी बिस्किटे. ट्रंक भरत आली की खोलीतला सूरच बदले.

मग भाऊच्या धक्क्यावरून बोट. (पावसाळ्यात ती बंद, तेव्हा घाटातून एस.टी.) डेकवर वळकट्या पसरायच्या, ज्याला बोट लागेल त्याने लिंबू चोखायचे. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत आम्ही मुसाकाजीला पोचत असू. बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. दूर समुद्रात उभी राही आणि होडीतून किनारा गाठावा लागे.

आणि पोचल्यावर विश्रांती? छे! मे महिना म्हणजे पावसाच्या आधी घर शाकारायचे, शेताची भाजवळ, सावकाराचा हिशेब, भावकीचे तंटे, एखादे लग्न. माझे आतोबा गिरणीत होते. ते रजेत जितके राबत तितके गिरणीतही राबत नसतील. १२ दिवस असे हातोहात संपत. सुख होते ते त्या अकरा महिन्यांच्या बोलण्यात.

पण हे मुंबईच्या खोलीतले. गावी आत्या होती. तिला कोणता कायदा दिवस मोजून देत नव्हता. रजा मंजूर झाल्याचे पत्र येईपर्यंत तिला तारीखच ठाऊक नसे. पोस्टमन वाडीत शिरला की बायका हातातले काम टाकून पाहत. आतोबांचे वाट पाहणे चारचौघांत, हसतखिदळत होई. तिचे एकटीचे, आणि ते कोणी 'सुख' म्हणून मोजलेही नाही. शेती, सासू, गुरे, पोरे सांभाळत ती पंचवीस वर्षे वाट पाहत होती.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मुंबईत राहून खायचे काय? म्हणून पुष्कळजण गावी निघाले. महिना-दोन महिन्यांत मिटेल, तेवढीच लांब रजा, असे म्हणत आतोबाही गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, त्यांत आतोबांचीही. ज्या घराची ते वर्षभर वाट पाहत त्या घरात ते रोज होते, आणि दिवसभर ओटीवर गप्प बसून असत. आत्या मला म्हणाली होती, "इतकी वर्सा म्हनायची, मानूस घरी हवा. आता घरी हाय, तर बोलत नाय."

तेव्हा मला वाटते, सुट्टीची गोडी जाण्यात नाही आणि नुसत्या वाट पाहण्यातही नाही. परतायची तारीख ठरलेली असते, मागे काम राखून ठेवलेले असते, म्हणून ती गोड लागते. हा आधार सुटला की तेच घर, तोच माड, तीच ओटी... पण ती सुट्टी राहत नाही.

आता १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात आणि 'वेटिंग' हा शब्द कोकणी माणसाला पुन्हा नव्याने पाठ झाला आहे! असो. नातवंडांनो, तिकीट मिळाले की गावी लगेच फोन करून तारीख कळवत जा. तिथे जो वाट पाहतो, त्यालाही दिवस मोजू देत.