ग्लोब आणि पॅलेस थिएटर

आसनगावच्या आमच्या वर्गांत शेक्सपिअर शिकवितांना विद्यार्थी हटकून विचारतात कीं, लंडनला आज उभें असलेलें ग्लोब नाटकगृह मूळचेंच काय? नाहीं म्हणणें सोपें. पण मूळचें तरी कोणतें म्हणावें? जेम्स बर्बेज यानें १५७६ सालीं शोअरडिच येथें बांधलेल्या नाटकगृहाचीं लांकडें त्याच्या पुत्रांनीं डिसेंबर १५९८ मध्यें उतरविलीं, आणि १५९९ सालीं थेम्सच्या दक्षिण तीरावर त्यांतूनच ग्लोब उभारलें. २९ जून १६१३ रोजीं प्रयोगांत तोफ उडाली, ठिणगी गवती छपरांत शिरली व तें भस्मसात् झालें. वर्षभरांत त्याच पायावर दुसरें उठलें. छप्पर मात्र कौलारू. १६४२ सालीं पार्लमेंटानें नाटकें बंद केलीं, तेव्हां तेंही संपलें.

सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाच्या ध्यासांतून १९९७ सालीं आजचें ग्लोब खुलें झालें. तो बिचारा १९९३ सालींच वारला होता. मूळचे नकाशे नव्हते. जुनीं नगरचित्रें, दुसऱ्या एका नाटकगृहाचा बांधणीचा करार आणि १९८९ सालीं सांपडलेला पायाचा अंश, एवढ्याच आधारावर ओकच्या तुळया खुंट्यांनीं जोडल्या. ही अटकळच, पण प्रामाणिक. छप्पर गवताचेंच ठेविलें, मात्र त्यावर पाण्याचे फवारे बसविले!

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं कोल्हापूरचें केशवराव भोसले नाट्यगृह जळालें, तेव्हां हें सारें आम्हांस आठवलें. राजर्षी शाहू महाराजांनीं १९१३ सालीं आरंभून १९१५ सालीं पुरें केलेलें हें पॅलेस थिएटर. शेजारींच त्यांचें खासबाग कुस्तीमैदान. १९५७ सालीं त्यास 'ललितकलादर्श'च्या केशवरावांचें नांव मिळालें, आणि आग लागली ती त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस.

पुनर्बांधणी हातीं घेतली गेली. पण कोणत्या नाट्यगृहाची? १९१५ च्या, कीं अनेक नूतनीकरणांनंतर त्या रात्रीं जळालेल्या? आमचा कौल शाहूकालीन घडणीस आहे. अग्निरक्षणाचीं साधनें तेवढीं आजचीं असावीं. शिवाय लंडनला जें लाभलें नाहीं तें कोल्हापुरास लाभलें आहे: छायाचित्रें, वांचलेला दर्शनी दगडी भाग आणि त्या रंगभूमीवर वावरलेलीं माणसें. शेवटच्या रांगेस शब्द कसा पोंचे, गाणारा नट कोठें उभा राही, हें कोणत्याही नकाशांत नसतें. पडदा ओढणाऱ्या वृद्ध कामगारांस आणि नटांस आधीं बोलतें करावें, त्यांचें सांगणें टिपून घ्यावें. छताच्या उंचीचा निर्णय त्यानंतर.